वाघ देऊन हरणं घेण्यापलीकडे

पुणे-बंगळूर महामार्गाने कोल्हापूरहून बेळगावकडे निघालं की निपाणी, संकेश्वर मागे पडतं आणि बेळगाव यायच्या थोडं आधी भुतरामनहट्टी लागतं. तिथे कित्तूर राणी चन्नम्मांच्या नावाचं छोटंसं प्राणिसंग्रहालय आहे. कोल्हापूर, कागल, गडहिंग्लजकडच्या माणसाला पोरांना वाघ-सिंह दाखवायचे तर पुण्यापेक्षा हेच जवळ पडतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथले ३१ काळवीट काही दिवसांच्या अंतराने मेले. कळपात उरले ते हातावर मोजण्याइतके. तपासणीत रोग निघाला घटसर्प.

हे नाव ऐकून करवीर-शिरोळच्या म्हैसवाल्याला धक्का बसला असेल, पण कोड्यात मात्र तो पडला नसेल. घटसर्प त्याच्या गोठ्यात पिढ्यान् पिढ्या ओळखीचा आहे. ताप चढतो, घसा सुजतो, श्वासाला घरघर लागते, आणि सकाळी वैरण खाल्लेलं जनावर रात्रीपर्यंत आडवं होतं. म्हणून तर पावसाळ्याच्या तोंडावर गावोगाव टोचणीची गडबड असते. लस आहे, स्वस्त आहे, गावातल्या कंपाउंडरलाही तिची वेळ पाठ असते. तोच रोग कुंपणाच्या आत, पशुवैद्यांच्या देखरेखीखाली असलेल्या कळपात शिरला आणि कळप जवळजवळ संपवून गेला.

त्याआधी जुलैत पुण्याच्या कात्रजला, राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात १६ चितळ मेले होते. भोपाळ, भुवनेश्वरकडे नमुने गेले आणि उत्तर आलं लाळ्या-खुरकूत. हाही गोठ्यातलाच रोग. त्याच्याही आधी, डिसेंबर २०२४ च्या अखेरीला नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. म्हणजे तीन बागा, तीन रोग, आणि सगळं एका वर्षाच्या आत.

या तीन घटनांची चौकशी वेगवेगळी झाली, बातम्याही वेगवेगळ्या छापून आल्या. त्या एकापुढे एक मांडल्या की वेगळाच प्रश्न दिसतो. गोरेवाड्याला जे कळलं ते कात्रजला कधी कळलं? कात्रजने जुलैत जे सोसलं त्यातून भुतरामनहट्टीने नोव्हेंबरपर्यंत काय उचललं? तीनही ठिकाणं एकाच देशातली, एकाच केंद्रीय प्राधिकरणाच्या मान्यतेवर चालणारी. इथे ही गत असेल, तर ढाका, काठमांडू, कराची, कोलंबो अशा अख्ख्या दक्षिण आशियातल्या बागांनी एकमेकींना हात द्यावा ही अपेक्षा फारच पुढची वाटते. पण ती अपेक्षा कोणी केली नव्हती असं नाही. केली होती, आणि काही काळ ती चाललीही होती.

त्याकडे वळण्याआधी रोगाचं थोडं आणखी. हरणाला लस टोचणं म्हणजे म्हशीला टोचणं नव्हे. काळवीट पकडायला गेलं की ते जिवाच्या आकांताने पळतं, कुंपणावर आदळतं, आणि कधीकधी नुसत्या त्या धावपळीनेच त्याचे स्नायू निकामी होऊन मरतं. त्यामुळे खरा बंदोबस्त बाहेरून करावा लागतो. आसपासच्या गावांतली जनावरं टोचून घ्यायची, चारा कुठून येतो ते पाहायचं, राखणदाराच्या घरी गाई-म्हशी असतील तर त्याचे बूट-कपडे वेगळे ठेवायचे. वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्याच्या पाच किलोमीटरच्या परिघातल्या पाळीव जनावरांच्या लसीकरणाचं कलम आहेच. राधानगरी-दाजीपूरच्या गव्यांना त्या कलमाचा आधार आहे. शहराला चिकटलेल्या प्राणिसंग्रहालयांनाही असाच पट्टा लागतो, आणि तो आखायचा तर पशुसंवर्धन खातं, दूध संघ, महापालिका आणि वन खातं यांना एका टेबलावर बसावं लागतं. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. १९६३ साली इथे जिल्हा दूध संघ उभा राहिला तेव्हा चार म्हशींच्या मालकाला दारात डॉक्टर मिळाला, तो त्याच्या एकट्याच्या ऐपतीवर नव्हे. छोट्या प्राणिसंग्रहालयाची अवस्था त्या चार म्हशींच्या मालकासारखीच असते.

महाराष्ट्रात तर अशी बाग बहुधा महापालिकेच्या उद्यान विभागाच्या पदराला बांधलेली. भायखळ्याची राणीची बाग, कात्रज, छत्रपती संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान ही सगळी महापालिकांची. सांगलीच्या प्रतापसिंह उद्यानात एके काळी सिंह होते, आज नाहीत. सोलापूरच्या महात्मा गांधी प्राणिसंग्रहालयाची मान्यता गेली. शहराला रस्ते, पाणी, कचरा यांतून पैसा उरला तर तो बिबट्याच्या पिंजऱ्याला, असा हा हिशेब. कर्नाटकने वेगळी वाट धरली. १९७९ मध्ये त्यांनी राज्याचं प्राणिसंग्रहालय प्राधिकरण काढलं आणि म्हैसूर, बन्नेरघट्टा यांसारख्या दांडग्या बागांबरोबर छोट्या बागाही एका छताखाली आणल्या. भुतरामनहट्टीही त्यातलीच. त्यामुळे संकट आल्यावर बन्नेरघट्ट्याच्या अनुभवी डॉक्टरांचा आधार तिला घरातूनच मिळू शकला. ३१ काळवीट त्याने वाचले नाहीत हे खरं. तरीही संकटात फोन कोणाला लावायचा हे ठरलेलं असणं ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्याकडे बागांमधलं सहकार्य म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती अदलाबदल. फेब्रुवारी २०२० मध्ये सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिष्मा ही वाघांची जोडी राणीच्या बागेत आली, बदल्यात मुंबईहून चितळ आणि चित्रबलाक गेले. पुढच्या वर्षी वीरा जन्मली आणि मुंबईकरांनी पिंजऱ्यापुढे गर्दी केली. यात गैर काही नाही. पण वाघ देऊन हरणं घेणं हा सहकार्याचा सगळ्यात दिसणारा आणि बहुधा सगळ्यात सोपा भाग आहे.

प्राणी पाठवण्याची ही रीत जुनी, राजेरजवाड्यांची. कोल्हापूर तर त्यात पुढेच होतं. शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले. भावनगरचे भावसिंहजी त्यांचे मित्र. चित्त्याकडून काळविटाची शिकार करवण्याचा शौक या दोन्ही संस्थानांत होता. हिंदुस्थानातले चित्ते सरत आले तेव्हा ही संस्थानं थेट आफ्रिकेतून चित्ते मागवू लागली. दिव्यभानुसिंह यांनी भारतातल्या चित्त्याच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात कोल्हापूरला ठसठशीत जागा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बोटीने आलेले आफ्रिकी चित्ते कोल्हापूरच्या माळावर काळविटामागे धावत होते.

त्या चित्त्यांपेक्षा त्यांना सांभाळणारी माणसं जास्त विचार करायला लावतात. चित्तेवान. रानातून पकडलेलं, माणसाला बुजणारं जनावर ते काही महिन्यांत माणसाळवत. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीवर बसवून काळविटांच्या कळपाजवळ नेत, टोपी काढत, आणि शिकार झाली की त्याला रक्ताची वाटी दाखवून परत टोपीत घेत. कोणता चित्ता कधी रुसतो, कशाने खाणं सोडतो, गर्दीत त्याला कसं शांत ठेवायचं हे सगळं त्यांच्या हाताला ठाऊक होतं. ते कागदावर फारसं उतरलं नाही. संस्थानं विलीन झाली, शौक संपला, माणसं पांगली. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोत उतरले आणि पाठोपाठ फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे बारा. त्यांच्याबरोबर त्यांना हाताळायचं ज्ञानही आफ्रिकेतूनच आणावं लागलं. शिकारीसाठी चित्ता माणसाळवणं आणि रानात सोडलेल्या चित्त्यावर लक्ष ठेवणं या वेगळ्या विद्या आहेत, हे मान्य. तरी एका पिढीने जमवलेलं शहाणपण दुसऱ्या पिढीपर्यंत पोचवायला कुठली संस्थाच नव्हती, ही बोच राहतेच.

आणि एक गोष्ट त्या सगळ्या दरबारांना कधी जमली नाही. शतकानुशतकं हजारो चित्ते पाळले गेले, पण बंदिवासात पिल्लं झाल्याची नोंद एकच, जहांगीर बादशहाच्या काळातली. पुढची नोंद थेट १९५६ मधली, अमेरिकेत फिलाडेल्फियाची. मधल्या काळात जेवढे चित्ते हवे तेवढे रानातून उचलले गेले. रान ही न संपणारी वखार आहे असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

स्वातंत्र्यानंतर राजे गेले आणि नजराणे सरकारं देऊ लागली. युद्धात तोक्योच्या उएनो बागेतले हत्ती मारले गेले होते. तिथल्या मुलांच्या पत्रांवरून नेहरूंनी १९४९ मध्ये म्हैसूरची हत्तीण पाठवली, आणि तिला मुलीचं नाव दिलं, इंदिरा. ही गोष्ट गोड आहे, सांगायलाही आवडते. सगळ्याच नजराण्यांचं असं झालं नाही. झिंबाब्वेने राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मांना दिलेला आफ्रिकी हत्ती दिल्लीच्या बागेत शंकर झाला. त्याची जोडीदारीण काही वर्षांतच गेली. हत्ती हा कळपातला प्राणी. शंकरने पुढची दोन दशकं एकट्याने, कधी साखळदंडात काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक प्राणिसंग्रहालय संघटनेने, म्हणजे वाझाने, शंकरच्या प्रश्नावर दिल्लीच्या बागेचं सदस्यत्व निलंबित केलं. मग धावपळ झाली, साखळ्या सुटल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये शंकर मेला. संघटनेचं सदस्यत्व हा भिंतीवर लावायचा कागद नसतो, त्यामुळे जाब विचारता येतो, हे या निमित्ताने दिसलं. जाब वीस वर्षं आधी विचारला गेला असता तर बरं झालं असतं.

इस्लामाबादच्या कावानची कथा याचीच दुसरी बाजू. तो श्रीलंकेने १९८५ मध्ये पाकिस्तानला दिलेला. त्याला सोबत म्हणून बांगलादेशाची सहेली आली. ती २०१२ मध्ये मेली. कावान एकटा उरला, डोकं हलवत दिवस काढू लागला. २०२० मध्ये इस्लामाबादच्या उच्च न्यायालयाने त्याला सोडवायचा आदेश दिला. मग ऑस्ट्रियातल्या एका संस्थेचे डॉक्टर आमिर खलील आले. त्यांनी आठवडेच्या आठवडे त्याच्याशी दोस्ती केली, त्याला गाणी ऐकवली, भल्याथोरल्या पेटीत स्वतःहून शिरायला शिकवलं, आणि नोव्हेंबर २०२० अखेर मालवाहू विमानाने कंबोडियात नेलं. हत्ती देताना दक्षिण आशियातले तीन देश हजर होते. हत्ती सोडवताना त्यांतलं न्यायालय सोडलं तर बाकी सगळं बाहेरून आणावं लागलं. आणि हत्तीची विद्या ज्यांच्याकडे पिढीजात, ते श्रीलंका, केरळ, आसाम हाकेच्या अंतरावर!

ही दरी एका परदेशी बाईने फार आधी ओळखली होती. सॅली वॉकर मूळच्या अमेरिकेच्या, योग शिकायला म्हैसूरला आलेल्या. तिथल्या प्राणिसंग्रहालयात जा-ये सुरू झाली आणि त्यांचा योग तिकडेच वळला. १९८५ मध्ये त्यांनी झू आउटरीच ऑर्गनायझेशन काढली, पुढे ती कोइमतूरला स्थिरावली. 'झूज प्रिंट' नावाचं मासिक सुरू झालं. चकचकीत बिलकूल नव्हतं. कुठल्या बागेत काय चाललंय, कोणाला कसली अडचण आहे, नवं तंत्र काय आलंय हे गावोगावच्या बागांपर्यंत पोचवणारं होतं. ज्या राखणदाराचं नाव कुणी विचारत नाही त्याच्या प्रशिक्षणाला त्यांनी महत्त्व दिलं. वाईट बागेला वाईट म्हणायलाही त्या कचरत नसत. भारतात १९९१ ची कायदा दुरुस्ती आणि १९९२ चं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, तेव्हा बागांवर देखरेख हवी असा जो सूर तयार झाला होता त्यात त्यांचा आवाज ठळक होता.

२००० साली काठमांडूत त्यांच्या पुढाकाराने दक्षिण आशियातल्या प्राणिसंग्रहालयांची सहकार्य संघटना उभी राहिली. साझार्क हे तिचं छोटं नाव. भारत, नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका यांतले बागवाले एकत्र येऊन बसले. मांडवात सगळे एकाच वंशावळीचे होते. लाहोरची बाग १८७२ ची, मुंबई-कोलकात्याच्याही त्याच अमदानीतल्या. तेच गोल पिंजरे, तीच सिमेंटची फरशी, पोरांनी शेंगदाणे फेकायची तीच सवय, आणि बदली होऊन आलेला, वाघ प्रथमच जवळून पाहणारा साहेबही तोच. युरोपातल्या मोठ्या बागेचं पुस्तक इथे लागू पडत नाही. ढाक्याने सुट्टीच्या दिवशीची गर्दी कशी आवरली ते पुण्याला उपयोगी पडतं. साझार्कचं मर्म हेच होतं. आग्नेय आशियात आणि आफ्रिकेत अशा संघटना त्याच्या दहाएक वर्षं आधीच आकाराला आल्या होत्या.

पण व्हिसा, निधी आणि राजकारण यांपुढे सॅलीबाईंचा झपाटा तरी किती पुरणार? ऑगस्ट २०१९ मध्ये त्या गेल्या. ज्या सार्कच्या वळणावर साझार्कचं नाव बेतलं, त्या सार्कची शिखर परिषदही २०१४ च्या काठमांडूनंतर झालेली नाही.

तरी सीमा ओलांडून काही जमलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. गिधाडांचं उदाहरण घ्या. १९९० च्या दशकापासून पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णव अशी नाहीशी झाली. कारण सापडलं पाकिस्तानी पंजाबात: जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ते जाहीर केलं. त्याच वर्षी काठमांडूत बैठक झाली, आणि २००६ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ या तीनही देशांनी या औषधाच्या पशुवापरावर बंदी घातली. राजकारणात ज्यांचं एका वाक्यावर जमत नाही, त्यांनी एका औषधावर एकाच वर्षी बंदी घातली! हरियाणात पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने गिधाडांचं प्रजनन केंद्र चालवलं, नेपाळने चितवनला, पाकिस्तानात छांगा मांग्याला तसाच प्रयत्न झाला. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरची गिधाडं ताडोबा आणि पेंचला आणली गेली. या साखळीतला पहिला दुवा पुन्हा गोठ्यातलाच आहे: डॉक्टरने दुखऱ्या बैलाला कोणतं इंजेक्शन दिलं, यावर शेकडो कोसांवरचं गिधाड जगतं.

दार्जिलिंगचा लाल पांडाही असाच. रॉटरडॅमसारख्या युरोपीय बागांतून नर आणून इथलं आटत चाललेलं रक्त बदललं, आणि २००३ मध्ये स्वीटी आणि मिनी या दोन माद्या सिंगालिलाच्या जंगलात सोडल्या. हे साधतं ते स्टडबुकमुळे. प्रत्येक जनावराला क्रमांक, त्याचे आईबाप, आजी-आजोबा, जन्म, बदली, मृत्यू, कारण. कोणी कोणाशी जोडी जमवायची ते या वहीवरून ठरतं. सोयरीक जुळवताना कुळं बघणाऱ्या आपल्या माणसांना ही कल्पना चटकन पटावी. वही नसली की काय होतं तेही आपण भोगलंय. पंजाबातल्या छतबीडसारख्या बागेत सर्कशीतले आफ्रिकी रक्ताचे सिंह आणि आशियाई सिंह यांचा संकर झाला. ते कळलं तेव्हा पिंजरे भरून संकरित सिंह उभे होते, ज्यांची संवर्धनाच्या दृष्टीने किंमत शून्य. त्यांचं प्रजनन थांबवून म्हातारपणापर्यंत पोसणं एवढंच हाती उरलं.

आता पुन्हा कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या नांदणीला. जैन मठाची माधुरी, म्हणजेच महादेवी हत्तीण, १९९२ पासून तिथे होती. तिच्या पायांची, नखांची दुखणी, सिमेंटची जमीन, एकटेपण हे मुद्दे न्यायालयात गेले. १६ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरला, वनताराच्या हत्ती कल्याण केंद्रात हलवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही, आणि जुलै सरता सरता ती गेली. निरोपाला गाव रडलं. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत हजारोंची मूक पदयात्रा निघाली. वनतारामागच्या उद्योगसमूहावरचा राग अनेकांनी त्याच्या मोबाइल कंपनीचं सिमकार्ड बदलून काढला. पुढे वनताराने नांदणी परिसरातच केंद्र उभारायची तयारी दाखवली.

या वादात सगळे श्रद्धा की कल्याण अशा दोन बाजूंना उभे राहिले. तिसरी गोष्ट मागेच राहिली. नांदणी आणि जामनगर यांच्या मधल्या एवढ्या पट्ट्यात आजारी हत्तिणीला न्यायला दुसरी जागा कोणती होती? राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत कमलापूरला सरकारी हत्तीकॅम्प आहे. तिथले हत्ती जामनगरला न्यायच्या हालचालीला २०२२ मध्ये स्थानिकांनी विरोध केला होता. मठाच्या माहुताला पायाची निगा शिकवायला वर्षातून दोनदा जाणता डॉक्टर येत असता, त्याची नोंद राहिली असती, लवकर उपाय झाले असते, तर प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत जाण्याआधी बरंच काही करता आलं असतं. हे काम एकट्या मठाच्या आवाक्यातलं नव्हतं. एखाद्या धनाढ्य खाजगी केंद्राने सगळे प्राणी एका जागी नेणं हेही त्यावरचं पूर्ण उत्तर नव्हे. त्यातून एक जागा सुधारते, आजूबाजूच्या शंभर जागा तशाच राहतात.

नांदणीचं केंद्र झालं, तर त्याच्या इमारतीपेक्षा पहिल्या दिवसापासूनच्या काही साध्या गोष्टींकडे लक्ष द्यावं लागेल. तिथला डॉक्टर बदलीवर येणारा असेल की कायमचा? म्हैसूर, केरळच्या माहुतांना तिथे येऊन शिकवता येईल का? हत्तिणीच्या आजाराचे कागद जिल्ह्यातल्या पशुवैद्यकांना बघायला मिळतील की कुलपात राहतील? कात्रज, भुतरामनहट्टी आणि नांदणी या एकाच महामार्गाच्या पट्ट्यातल्या तीन ठिकाणांच्या डॉक्टरांना दर पावसाळ्याआधी एकत्र बसवायला जेवणाखाणासकट एका दिवसाचा खर्च येईल. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही, काठमांडूची तर नाहीच.